आगगाडीच्या वळणावरचं बुचाचं झाड

बागेत सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात असं मला कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून सांगेन, बाकांवरून. फुलांवरून नाही, कुत्र्यांवरूनसुद्धा नाही. पहाटे फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की तळ्यासमोरचा सावलीतला बाक त्याच्या आजोबांनी त्याच्या नावावर करून ठेवलाय. एकदा दोन निवृत्त बँक मॅनेजर एका बाकावरून इतके हमरीतुमरीवर आले की मी तो बाकच उचलून नर्सरीत नेऊन ठेवला. मग दोघं मिळून रोज माझ्याकडे तक्रार घेऊन यायला लागले आणि त्यातून त्यांची मैत्री झाली. बाक मी परत दिला नाही.

उद्यान खात्यात माझी सगळी नोकरी झाली आणि त्यातली बहुतेक वर्षं बंगळूरच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या, दाट झाडीच्या सार्वजनिक बागेत गेली. बागेचं नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते दोन माणसांचं खासगी दुःख आहे. त्यांना विचारूनच लिहिते आहे, पण नावं बदलली आहेत. संपादकांना बागेची माहिती देणारा लेख हवा होता. तीही देते, म्हणजे त्यांची तक्रार नको.

फाटकावरच्या फलकावर लिहिलंय की बाग खात्यानं केली. अर्धसत्य आहे ते. खात्याच्या कितीतरी आधी तिथं तोपु होता. बंगळूरच्या आपल्या जुन्या मराठी घरांना हा कन्नड शब्द ठाऊक आहे, नव्यानं आलेल्यांसाठी सांगते. तोपु म्हणजे गावाची राई. गावाबाहेर आंबा, जांभूळ, करंज, वड अशी झाडं लावून ठेवायची. मालकी कुणा एकाची नाही. वाटसरूनं टेकावं, गाडीवानानं बैल सोडावेत, जत्रेचा स्वयंपाक तिथं व्हावा. वाळलेलं सरपण कुणीही न्यावं, हिरवी फांदी मात्र तोडायची नाही. पुढे गाव शहराच्या पोटात गेलं आणि तोपु तेवढा मागे उरला. मग त्याला कुंपण आलं, फाटक आलं, माझ्यासारखी पगारी माणसं आली. करंजाखाली गावदेवीचा दगड अजून आहे. मंगळवारी बायका येऊन लिंबाच्या सालीत दिवे लावतात. एक साहेब नवीन बदलून आले होते, त्यांनी मला विचारलं, "हे अतिक्रमण कुणाचं?" मी म्हटलं, "सर, तिच्या दृष्टीनं आपलं."

करमणुकीचं म्हणाल तर आमच्या बागेत पूर्वी खूप काही होतं. तळ्यात हंसाच्या आकाराच्या, पायानं चालवायच्या होड्या होत्या. तळ्याला पाणी आणणाऱ्या ओढ्यांवर वसाहती उभ्या राहिल्या, तळं आटत गेलं, आणि ते हंस आता नर्सरीमागे पालथे पडलेत. रविवारी संध्याकाळी गोल चौथऱ्यावर बँड वाजायचा. त्या चौथऱ्यावर आता लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी रांग लावून उभी असतात. हास्यमंडळ आहे, योगवाले आहेत, आणि हास्यमंडळाच्या हसण्यानं ध्यान मोडतं म्हणून रडकुंडीला येणारे ध्यानवाले आहेत. काळाच्या ओघात टिकली ती एकच गोष्ट, पोरांची आगगाडी. झाडांमधून एक फेरी, एक खोटा बोगदा, एक छोटा पूल, संपलं. तरी रविवारी तिच्या फलाटावर मुंगीला शिरायला जागा नसते.

माझं खरं काम या सगळ्याच्या डोक्यावर होतं, म्हणजे झाडांचं. लोकांना वाटतं झाडांना पाणी घातलं की झालं. अहो, मोठ्या झाडाला पाणी कोण घालतं? मोठ्या झाडाची नाडी बघायची असते. बुंध्यापाशी कानासारखी अळंबी उगवलीत का, एका बाजूची माती उचललीय का, शेंड्याची पानं अवेळी विरळ झालीत का. मग लाकडी हातोडी घेऊन खोडावर ठोकत वर जायचं. भरीव खोड बद्द वाजतं. आतून पोकळ झालं असेल तर ढब्ब असा आवाज येतो. एकदा ऐकला की विसरत नाही. बंगळूरची झाडं बाहेरून हिरवीगार दिसतात, पण फरशा घालून घालून आपण त्यांची मुळं गुदमरवली आहेत. उन्हाळा संपता संपता जो वारा सुटतो त्याच्या आदल्या आठवड्यात मला कधी धड झोप लागली नाही.

खात्यानं लावलेलं झाड ओळखायला सोपं असतं. ते ओळीत असतं. नोकरीच्या सुरुवातीला मी बाग पायाखाली घालत होते तेव्हा आगगाडीच्या वळणावर, फलाटाच्या अगदी जवळ, मला एक बुचाचं रोप दिसलं. कुठल्याच ओळीत नव्हतं. बुच म्हणजे आकाशमोगरा. उंच वाढतो, लांब दांड्याची पांढरी फुलं खाली सांडतात, आणि त्या दांड्या एकमेकांत गुंफून पोरी दोऱ्याशिवाय वेणी करतात. फूल देखणं, पण लाकूड ठिसूळ. जिथं माणसं उभी राहतात तिथं आम्ही हे झाड कधीच लावत नाही. मी माळ्यांना विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

काही दिवसांनी सकाळी एक माणूस त्या रोपापाशी उकिडवा बसलेला दिसला. अंगात कारखान्याचा निळा गणवेश, हातात घरून आणलेला पाण्याचा डबा. मी मागून गेले तर तो हळू आवाजात म्हणत होता, "स्वल्पच आहे आज. उद्या जास्ती आणतो." मराठीत. आमच्या खात्यात मराठी ऐकायची सवयच नव्हती, मी चमकले.

"कुणाशी बोलताय?" मी मराठीतच विचारलं.

त्यांनी दचकून डबा मागे लपवला. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही आपल्यातल्या का अक्का? मग तुम्हाला सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही."

त्यांचं नाव रंगनाथराव, सगळे रंगण्णा म्हणायचे. बनशंकरीत घर, पीण्या या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम. एकुलती एक मुलगी, घरात तिला पुट्टी म्हणायचे. दर रविवारी तिला आगगाडीत बसवायला आणायचे. आई फलाटावर उभी राहून हात हलवायची. एका पावसाळ्यात ताप आला आणि चार-पाच दिवसांत पोर गेली. नऊ वर्षांची होती. श्रीरंगपट्टणला अस्थी सोडायला रंगण्णा आणि त्यांचे मोठे भाऊ गेले होते. भटजींनी बजावलं होतं, काही म्हणता काही मागे ठेवायचं नाही, जीव अडकतो. भाऊ पायरीवर वळले तेवढ्यात रंगण्णांनी एक मूठ रुमालात बांधून घेतली. घरी आल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "सगळं सोडलं ना?" ते हो म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी इथं येऊन, जिथून पुट्टी आगगाडीत चढायची तिथं, खड्डा करून वर हे रोप लावलं.

"बुचच का लावलं?" मी विचारलं. खरं म्हणजे हे विचारायची ती वेळ नव्हती, पण माझा स्वभाव असा आहे.

"तिला वेण्या करायला आवडायच्या. अक्का, उपटू नका. हात जोडतो."

मी उपटलं नाही. नियमाप्रमाणे उपटायला हवं होतं, आणि आजही कुणी तसं म्हणालं तर मी वाद घालणार नाही. मी मुनियप्पाला, म्हणजे आमच्या मुख्य माळ्याला, सांगितलं की याला आळं कर आणि टँकरचं पाणी याच्यापर्यंत पोचव. मुनियप्पानं कारण विचारलं नाही. महिन्याभरानं तोच मला म्हणाला, "मॅडम, त्या अण्णांना सांगा, डबा वाहून आणू नका म्हणावं, मी बघतो."

रंगण्णा तरी येतच राहिले. पहिल्या पाळीला जाण्याआधी येत, आणि पुढे निवृत्त झाल्यावर रोज सकाळी. झाडाखाली एक बाक होता. फुलं, पानं, पाखरांची घाण सगळं त्याच्यावर पडायचं, म्हणून त्या एका बाकावरून आमच्या बागेत कधी भांडण झालं नाही. ते तिथं बसायचे. कुणाशी बोलायचे नाहीत. फुलांच्या दिवसांत पोरी वेण्या करत बसल्या की बाकाच्या टोकाला सरकून त्यांना जागा द्यायचे. माझ्याशी दोन शब्द बोलायचे, तेही हवापाण्याचे. मी त्यांच्या घरचं कधी विचारलं नाही. मला वाटलं, एवढ्या वर्षांत त्यांनी घरी सांगितलंच असणार.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात वारा सुटला आणि बुचाची एक मोठी फांदी फलाटावर कोसळली. फलाटाचा पत्रा दुमडला. त्या दिवशी आगगाडीला सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आणि मुनियप्पा हातोडी घेऊन गेलो. रंगण्णा बाकाशी उभे होते. मुनियप्पानं बुंध्यावर ठोकलं, मग छातीएवढ्या उंचीवर, मग शिडी लावून वर. तिन्ही ठिकाणी तोच ढब्ब आवाज. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. रंगण्णांनी आयुष्य यंत्रांच्या आवाजात काढलेलं, त्यांना आम्ही सांगायची गरजच पडली नाही.

"छाटून ठेवता येणार नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"लोखंडी टेकू मी करून आणतो. पीण्यात माझी माणसं आहेत अजून."

"रंगण्णा, आत काही उरलेलं नाही. टेकू लावायचा कशाला?"

"मग मी आहे तोवर राहू द्या. किती दिवस आहे मी? नंतर तोडा." त्यांचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच ऐकला. "तुम्ही तरी असं म्हणू नका अक्का. तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

मला राग आला. त्यांचा नव्हे. अशा वेळी शहाणपणाचं बोलायची पाळी आपल्यावर यावी याचा. मी म्हटलं, "रविवारी या फलाटावर किती पोरं उभी असतात ते तुम्ही बघता. त्यांच्या आया तिकडे उभ्या राहून हात हलवतात."

ते फलाटाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "सरी." म्हणजे बरं, ठीक आहे. आपण इथले सगळे दिवसातून शंभरदा म्हणतो तसंच म्हणाले. मला मात्र तो शब्द ऐकवला नाही.

झाड पाडायचं म्हणजे रीतसर परवानगी लागते, झाडावर नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ते सगळं झालं. हरकती घ्यायला आलेल्या कॉलेजच्या मुलांना मी हातोडी हातात देऊन ठोकायला लावलं. बिचारी ऐकून गप्प परत गेली. दिवस ठरला. आणि इथं मला मुनियप्पाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

आमचे जुने माळी झाडाला न विचारता तोडत नाहीत. आदल्या संध्याकाळी बुंध्याला हळद-कुंकू लावायचं, उदबत्ती, चार फुलं, आणि मोठ्यानं सांगायचं, "नाळे बर्तीवि. जागा बिडि." म्हणजे उद्या येतो आहोत, जागा सोडा. पाखरं, खारी, साप, आणि जे कुणी डोळ्यांना दिसत नसेल ते, त्या सगळ्यांना उद्देशून. त्या संध्याकाळी करवत-कुऱ्हाड झाडाला दाखवायची नाही. नवीन पोरं हसतात. मी विज्ञान शिकलेली बाई, पण या विधीला मी नेहमी हजर राहिले. एवढं मोठं काही संपवायचं तर निदान आधी कळवावं, यात वावगं काय आहे?

मी रंगण्णांना फोन करून म्हटलं, "उद्या संध्याकाळी मुनियप्पा विचारणार आहे. तुम्ही दोघंही या. वहिनींना घेऊन या."

मग म्हणाले, "तिला ठाऊक नाही अक्का."

"काय ठाऊक नाही?"

"काहीच नाही."

मी डोक्याला हात लावला. मग जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, "आई आहे ती. परवा तिथं मोकळी जमीन राहील, नंतर दाखवायलासुद्धा काही नसेल. आज सांगा. रागावली तर रागावू दे." फोन ठेवल्यावर वाटलं, आपण कोण सांगणारे? पण शब्द तोंडातून गेले होते.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर दोघं आले. रंगण्णा पुढे, आणि मागे दहा पावलांवर वहिनी, म्हणजे सुमित्राक्का. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. ठेंगणी, ताठ बाई, नेसूची साडी चापूनचोपून, डोळे कोरडे. पुट्टी गेल्यापासून त्यांनी बागेत पाऊल टाकलं नव्हतं. फलाटापाशी येऊन थांबल्या, झाडाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नवऱ्याकडे वळल्या. आम्ही तिथं आहोत याची पर्वा केली नाही.

"मी शेजारणींना सांगायची," त्या म्हणाल्या, "आमच्या यांचं बरं आहे, पोर गेली तरी रोज बागेत फिरायला जातात. इतकी वर्षं हेच म्हणत आले मी. तुम्हाला त्रास नको म्हणून तिचा फोटो भिंतीवरून काढला. तिचं नाव घरात घेतलं नाही. आणि तुम्ही रोज सकाळी तिला भेटून यायचात."

"तू विचारलंस सगळं सोडलं का, तेव्हा..."

"खोटं बोललात त्याचं काही नाही. मीही ठेवली असती एक मूठ." त्यांचा आवाज तिथं फुटला. "पण दोघांची होती ना हो ती? मला का नाही आणलं?"

रंगण्णा बाकावर बसले आणि ओंजळीत तोंड घालून रडले. मुनियप्पा आणि मी लहान मुलांसारखे नजर चुकवत उभे होतो. आगगाडीची शेवटची फेरी संपून गेली होती. फाटकाकडून पहारेकऱ्याची शिट्टी ऐकू येत होती, आणि सगळीकडून आया आपापल्या पोरांना हाका मारत होत्या.

मुनियप्पानं बुंध्याला हळद-कुंकू लावलं, उदबत्ती मातीत खोचली, फुलं ठेवली. आता त्यानं ते वाक्य म्हणायचं. तो उठून उभा राहिला आणि म्हणालाच नाही. दोन पावलं मागे सरकून सुमित्राक्कांना म्हणाला, "अम्मा, नीवे हेळि." तुम्हीच सांगा.

त्या पुढे गेल्या. सालीवर हात ठेवला. त्यांना ती रीत ठाऊक नव्हती, काय म्हणायचं असतं तेही कुणी सांगितलं नव्हतं. मग पोरांना हाका मारणाऱ्या त्या सगळ्या आया बोलत होत्या तशाच, अगदी रोजच्या आवाजात त्या म्हणाल्या,

"पुट्टी, पुरे झालं खेळणं. चल आता घरी."

आणि स्वल्प थांबून, मागे न बघता, "बाबांचा हात धर. रस्ता फार मोठा झालाय बाहेर."

त्या वळल्या आणि फाटकाकडे चालायला लागल्या. रंगण्णा बाकावरून उठले, डोळे पुसले आणि त्यांच्या मागून निघाले. मी त्यांना फाटकापर्यंत बघत होते. चालताना रंगण्णांचा उजवा हात अंगापासून जरा लांब, खाली, बोटं अर्धवट मिटलेली अशी होती. बाहेर रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा सुमित्राक्का थांबल्या. ते जवळ येईपर्यंत त्यांनी वाट बघितली, आणि मग तो हात मोकळाच ठेवून त्या त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.